मित्रत्वाचा सामना

दर वर्षीं स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशीं आमच्या शाळेच्या मैदानावर शिक्षक आणि विद्यार्थी ह्यांच्यामध्यें फुटबॉलचा एक सामना होत असतो. आमच्या पालकवर्गापैकीं बहुतेकांनीं तो पाहिलेला आहे. कित्येकांनीं आपल्या विद्यार्थिदशेंत तो खेळलेलाही आहे. कार्यक्रमपत्रिकेंत ह्या सामन्याला 'मित्रत्वाचा सामना' असें भारदस्त नांव असलें तरी मुलांच्या तोंडीं त्याचें नांव 'केळ्यांची मॅच' असें आहे. कारण हरणाऱ्या पक्षानें जिंकणाऱ्या पक्षाला केळ्यांचा एक घड द्यावा अशी जुनी चाल आहे. गतवर्षींचा सामना झाल्यावर दोघां पालकांचीं पत्रें मुख्याध्यापकांकडे आलीं. दोन्ही पत्रांतील मजकूर थोड्याफार फरकानें एकच होता. तो असा कीं, ज्या गुरुजनांपुढें मुलांनीं मान लववावी त्यांनाच धक्के मारावयास, त्यांच्या पायांतून चेंडू हिसकावून घ्यावयास आणि ते चिखलांत पडले असतां टाळ्या पिटून हंसावयास मुलांस शिकविणें हें शाळेस शोभत नाहीं. सबब हा सामना बंद करावा. शिक्षकांच्या सभेंत ह्या पत्रांचा विचार झाला, मतें पडलीं, आणि सामना चालूं ठेवावा असें ठरलें. त्या सभेंत आम्ही जें बोललों तें त्रोटक होतें, आणि त्यांतील एक भाग तर आम्हीं गाळलाच होता. तो भाग आज येथें लिहावयाचा आहे.

प्रथम त्या पत्रलेखकांविषयीं. तीं पत्रें रागानें लिहिलेलीं नव्हतीं, काळजीनें लिहिलेलीं होतीं. त्यांतील एक तर आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचें होतें. आपल्याकडे गुरूच्या पायांस हात लावण्याची चाल आहे. त्याच पायांत पाय घालून गुरूला पाडण्याचा खेळ ज्यांच्या डोळ्यांस खुपतो त्यांची आम्ही थट्टा करणार नाहीं. गतवर्षीं गोलच्या तोंडाशीं, जेथें धूळ बसावी म्हणून शिपायानें सकाळीं अंमळ जास्तच पाणी मारलें होतें, तेथें आमचे चित्रकलेचे शिक्षक घसरून बसले आणि सारें मैदान हंसलें, हें खरें आहे. परंतु सर्वांच्या आधीं कोण हंसलें, हें पत्रलेखकांस दूर बसल्यामुळें दिसलें नसावें. प्रथम हंसले ते चित्रकलेचे शिक्षकच. ज्या शिक्षकाला मुलें हंसतात तो, आणि ज्या शिक्षकाबरोबर मुलें हंसतात तो, ह्या दोघांतील अंतर मुलांना फार चांगलें कळतें. आपणां मोठ्यांनाच तें कधीं कधीं कळत नाहीं. संमेलन आटोपून शाळा पुन्हां भरली तेव्हां त्यांच्या तासाला वर्गांत कांहीं गडबड झाली काय, अशी आम्हीं मुद्दाम चौकशी केली. झाली नव्हती. उलट रंगपेट्या आणावयास विसरलेल्या मुलांची संख्या त्या दिवशीं नेहमींपेक्षां कमी होती, असें त्यांनींच आम्हांस सांगितलें.

तेव्हां ह्या सामन्यानें गुरुजनांविषयींचा आदर कमी होतो हें आम्हांस पटत नाहीं. सामन्यांत दोष होता, व तो गंभीर होता. पण तो पत्रलेखकांनीं दाखविलेल्या दोषाच्या अगदीं उलट टोंकाचा. तो सांगण्यापूर्वीं थोडें मागें जावें लागेल.

हिंदुस्थानांतील मिशन शाळांत फुटबॉल कसा रुजला ह्याची सर्वांत प्रसिद्ध हकीकत काश्मीरची आहे. चर्च मिशनरी सोसायटीच्या श्रीनगर येथील शाळेंत सेसिल टिंडेल-बिस्को हे १८९० सालीं आले. पुढच्या वर्षीं, म्हणजे १८९१ सालीं, त्यांनीं शाळेंत कातड्याचा एक चेंडू आणला. विद्यार्थी बहुतेक पंडितांच्या घरचे. चेंडू कातड्याचा आहे असें कळतांच त्यांनीं त्याला स्पर्श करण्याचें साफ नाकारलें. बिस्कोसाहेबांनीं शिक्षकांच्या हातीं काठ्या देऊन त्यांना मैदानावर उभें केलें आणि मुलांना खेळावयास लाविलें. मध्येंच चेंडू एका मुलाच्या तोंडावर आदळला. तोंड विटाळलें म्हणून तो रडूं लागला. तेव्हां त्याला पाण्यावर नेऊन तोंड धुवून आणविलें आणि खेळ पुढें चालला. ती शाळा आजही त्यांच्याच नांवानें चालूं आहे.

मिशनच्या कामाचा वृत्तांत सांगतांना हा प्रसंग मोठ्या कौतुकानें सांगण्याचा प्रघात आहे, आणि विद्यार्थी असतांना आम्हींही तो ऐकून टाळ्या वाजविल्या आहेत. बिस्कोसाहेबांचा हेतु चांगला होता, विटाळाची ती कल्पना जावयासच हवी होती, हें सर्व कबूल. तथापि वीस वर्षें मुलांमध्यें काढल्यावर आतां त्या कथेंतील रडणाऱ्या मुलाच्या बाजूस उभें राहून पाहण्याची संवय लागली आहे, आणि तेथून काठीचें कौतुक तितकेंसें दिसत नाहीं. असो. त्या चित्रांतील एक गोष्ट मात्र आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जो खेळत होता त्याच्या हातीं काठी नव्हती, आणि ज्याच्या हातीं काठी होती तो खेळत नव्हता. शिक्षक-विद्यार्थ्यांच्या सामन्यांत शिक्षक काठी रेषेच्या बाहेर ठेवून आंत येतो, निदान तशी सर्वांची समजूत असते. खरोखर तो ती बाहेर ठेवतो काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आमच्या शिक्षकसंघाचें वर्णन करण्याची गरज नाहीं. ज्यांनीं तो एकदां पाहिला आहे त्यांना तो विसरतां येणार नाहीं. अकरा जणांत पन्नाशी उलटलेले चार, चष्मेवाले सहा, आणि वर्षांतून एकदांच धांवणारे जवळजवळ सगळे. समोर आंतरशालेय सामने खेळणारीं, रोज सायंकाळीं सराव करणारीं मुलें. असें असतां गेल्या दहा वर्षांपैकीं आठ वर्षें केळ्यांचा घड शिक्षकांच्या खोलींत आला होता. हा चमत्कार कसा घडतो तें गोलच्या खांबाजवळ उभें राहिल्यास कळतें. मुलगा चेंडू घेऊन भरधांव येतो. समोर गोलमध्यें मुख्याध्यापक उभे असतात. मुलाचें पाऊल आंखडतें, आणि गृहपाठाची वही द्यावी तसा तो चेंडू हलकेच त्यांच्या हातीं देतो. कोणी वयोवृद्ध शिक्षक चेंडू घेऊन निघाले कीं मुलांची रांग दुभंगते. शिवाय एक अलिखित नियम असा होता कीं शिक्षकांविरुद्ध पेनल्टी द्यावयाची नाहीं. पंच आमचे व्यायामशिक्षक, म्हणजे शिक्षकवर्गांतीलच. त्यांनाही हा नियम कोणी सांगितला नव्हता, आणि आम्हींही तो कधीं विचारला नव्हता.

हें सौजन्य दिसावयास गोड आहे. आम्हीं स्वतः तें कित्येक वर्षें गोड मानून घेतलें आणि केळीं खाल्लीं. परंतु वाट सोडून दिलेल्या विजयाची किंमत काय असते? १९११ सालच्या जुलै महिन्याच्या २९ तारखेस कलकत्त्यास आय्. एफ्. ए. शील्डचा अंतिम सामना मोहन बागान आणि ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट ह्यांच्यांत झाला. मोहन बागानचे दहा गडी अनवाणी होते. बूट घातलेले एकटे सुधीर चटर्जी. हे ख्रिस्ती होते व पुढें रेव्हरंड झाले. पहिला गोल गोऱ्या शिपायांनीं केला. मग कर्णधार शिबदास भादुरी ह्यांनीं बरोबरी साधली, आणि अभिलाष घोष ह्यांच्या गोलानें मोहन बागाननें सामना २-१ असा जिंकला. ब्रिटिश पलटणीच्या हातून तें शील्ड हिंदी संघाकडे येण्याची ती पहिलीच वेळ होती. आतां अशी कल्पना करा कीं तीं अनवाणी पावलें पाहून त्या शिपायांना दया आली असती, आणि त्यांनीं दोन वेळां हळूच वाट सोडली असती. गोल तितकेच, शील्डही तेंच. पण मग ती तारीख कोणीं लक्षांत ठेविली असती? बुटांनीं कांहीं हातचें राखलें नाहीं म्हणून अनवाणी पायांचें मोल झालें.

मुलें आम्हांस जिंकूं देतात तेव्हां तीं आमची कींव करीत असतात, आणि त्या कींवेला आम्ही आदर समजतों. ह्यांत त्यांचा दोष नाहीं. सरांना हरविलें तर सर वर्गांत लक्षांत ठेवतील, ही धास्ती आम्हींच कोठें तरी त्यांच्या मनांत घातलेली असते. रेषेबाहेर ठेविलेली काठी मुलांना दिसत असते ती अशी.

आतां पेनल्टीची गोष्ट. फुटबॉलचे नियम लंडन येथें १८६३ सालीं एकत्र लिहिले गेले तेव्हां त्यांत पेनल्टी नव्हती. खेळणारे सभ्य गृहस्थ. सभ्य गृहस्थ मुद्दाम लबाडी करणार नाहीं, असें गृहीत होतें. वाद झालाच तर दोन्ही पक्षांचा एकेक पंच असे, आणि त्यांचें न जमल्यास रेषेबाहेरच्या तिसऱ्याला विचारीत. पुढें हा खेळ पसरला, बक्षिसें आलीं, पैसा आला, आणि गोलांत जाणारा चेंडू हातानें अडविण्याचा मोह पुष्कळांना होऊं लागला. आयर्लंडांतील मिलफर्ड गांवच्या विल्यम मॅक्रम नांवाच्या एका गोलकीपरानें १८९० च्या सुमारास अशी सूचना पुढें आणली कीं, गोलच्या तोंडाशीं असा गुन्हा झाल्यास समोर एकटा गोलकीपर ठेवून एक फटका मारूं द्यावा. तिची पुष्कळांनीं टर उडविली. परंतु १८९१ च्या फेब्रुवारींत स्टोक व नॉट्स काउंटी ह्यांच्या सामन्यांत गोलच्या रेषेवर एकानें चेंडू हातानें अडविला. शिक्षा म्हणून तेथेंच साधा फटका मिळाला, तो रेषेवर दाटीनें उभ्या राहिलेल्या संघानें सहज थोपविला, आणि ज्यानें हात लाविला त्याचाच पक्ष जिंकला. त्याच वर्षीं जूनमध्यें पेनल्टीचा नियम मान्य झाला आणि पंचही रेषेबाहेरून मैदानाच्या आंत आला. काश्मीरांत काठ्यांच्या धाकानें चेंडू खेळला गेला तेंच हें साल.

ह्या नियमाचा सर्वांत मोठा राग आला तो लंडनच्या कोरिंथियन क्लबाला. ज्या करिंथ शहरांतील मंडळीला पत्र लिहितांना पौल प्रेषितानें शर्यतींत धांवणाऱ्यांचा दाखला दिला, त्याच शहराचें नांव ह्या क्लबानें घेतलेलें. विद्यापीठांतून शिकलेले हे गृहस्थ म्हणत कीं, आम्ही मुद्दाम गुन्हा करूं असें मानणें हाच आमचा अपमान आहे. असें सांगतात कीं, आपल्याला पेनल्टी मिळाली तर ते चेंडू मुद्दाम बाहेर मारीत, आणि आपल्याविरुद्ध मिळाली तर त्यांचा गोलकीपर खांबाला टेकून उभा राही. आम्हांस हे लोक फार आवडत. कित्येक वर्षें वर्गांत आम्हीं त्यांची गोष्ट सांगितली, आणि शिक्षकांविरुद्ध पेनल्टी न देण्याची आमच्या सामन्यांतील चाल त्यांच्याच वृत्तीची आहे असा मनांतल्या मनांत अभिमानही बाळगला. शिक्षक मुद्दाम हात लावील काय?

गतवर्षींच्या सामन्यांत आम्हीं लाविला.

सामना संपावयास चारपांच मिनिटें राहिलीं असतील. शिक्षक तीन, विद्यार्थी दोन. त्या वर्षीं मुलांत एक नवा गडी आला होता, नववींतील. मैदानावरील रीतभात त्याला ठाऊक नसावी, किंवा खेळाच्या भरांत तो ती विसरला असावा. कारण मुख्याध्यापक पुढें आले असतांही त्याचें पाऊल आंखडलें नाहीं. त्यानें चेंडू त्यांच्या डोक्यावरून उचलून गोलांत टाकला. आम्ही बॅकच्या जागेवरून मागें धांवत रेषेवर पोहोंचलों होतों. चेंडू खांद्याच्या उंचीनें येत होता. आमचा डावा हात वर गेला. चेंडू कोपरापासून वीतभर खालीं लागला, खांबावर आपटला आणि बाहेर गेला. हात आपोआप गेला असें आम्हीं पुढें बरेच दिवस स्वतःस सांगून पाहिलें. तें खरें नाहीं. चेंडू येत असतां, पाय पोहोंचणार नाहीं आणि डोकेंही पोहोंचणार नाहीं, एवढा विचार करण्यास आम्हांस वेळ मिळाला होता.

पंच मागें होते, मध्यें मुख्याध्यापक होते, आणि बाकीच्यांना आमची पाठ दिसत होती. दिसलें तें एका त्या मुलालाच. त्यानें हात वर केला, तोंड उघडलें, आमच्याकडे पाहिलें, आणि हात खालीं घेतला. पंचांनीं कॉर्नर दिला. आम्ही बोललों नाहीं. सामना तीन-दोननें शिक्षकांनीं जिंकला. मुलांनीं 'शिक्षकांचा विजय असो' असा घोष केला. आणि संध्याकाळीं शिक्षकांच्या खोलींत वांटलेल्या केळ्यांपैकीं एक आम्हींही खाल्लें.

आमच्या अपराधाला आणखी एक शोभा अशी कीं, त्याच सहामाहींत आम्हीं नीतिशिक्षणाच्या तासाला मॅराडोनाची गोष्ट सांगितली होती. १९८६ सालच्या जूनमध्यें मेक्सिकोंत इंग्लंडविरुद्ध त्यानें हातानें गोल केला, ट्युनिसियाच्या पंचाला तें दिसलें नाहीं, आणि सामन्यानंतर त्यानें त्यांत देवाच्या हाताचाही भाग असल्याचें हंसत सांगितलें. त्या गोष्टीवर आम्हीं पाऊण तास घेतला होता. देवाचें नांव असल्या कामांत ओढणें हा दुहेरी अपराध कसा, हें फळ्यावर दोन मुद्दे लिहून समजावून दिलें होतें. तो मुलगा तिसऱ्या बांकावर बसतो; त्यानें ते दोन्ही मुद्दे वहींत उतरून घेतले होते.

संमेलनानंतर तो मुलगा सायंकाळच्या सरावाला येईनासा झाला. एक आठवडा गेला, दुसरा गेला. आम्हीं वर्गांत विचारलें तेव्हां, "घरीं काम असतें, सर," एवढेंच तो म्हणाला. त्याच्या जागीं दुसरा गडी घ्यावा काय, असें व्यायामशिक्षक विचारूं लागले. शेवटीं आम्हीं त्याला मधल्या सुट्टींत पिंपळाखालीं बोलावलें. मुलांना एकटें गांठून विचारणें हाही काठीचाच एक प्रकार आहे हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु दुसरा उपाय सुचला नाहीं. पुष्कळ वेळ तो खालीं पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "मीं घरीं सांगितलें, सर. बाबा रागावले. म्हणाले, तुलाच नीट दिसलें नसेल. सरांवर आळ घेतोस? असलें शिकावयाचें असेल तर खेळावयास जाऊं नकोस."

मुलगा खोटें बोलल्याबद्दल शिक्षा भोगतो हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे, क्वचित् ती शिक्षा आम्हीं दिलीही आहे. खरें बोलल्याबद्दल भोगलेली शिक्षा, आणि तीही आमच्यासाठीं, ही पहिलीच. त्याला आम्हीं विचारलें, "मग आतां तुला काय वाटतें? तुला नीट दिसलें होतें कीं नाहीं?" त्यानें दिलेलें उत्तर आम्ही अजून विसरलों नाहीं. तो म्हणाला, "पहिल्यानें दिसलें होतें, सर. आतां नक्की सांगतां येत नाहीं."

पालकहो, पत्रलेखकांस आदराची काळजी वाटते. आम्हांस ह्या वाक्याची वाटते. चौदा वर्षांच्या मुलाचे डोळे चांगले आहेत. घराचा आणि शाळेचा मान राखण्यासाठीं त्याला आपल्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून द्यावा लागला, आणि त्यानें तो मुकाट्यानें सोडला.

त्याच दिवशीं संध्याकाळीं आम्ही त्याच्या घरीं गेलों. वडील एस्. टी.मध्यें कंडक्टर आहेत. नुकतेच कामावरून आले होते. खाकी सदऱ्याचीं बटणेंही काढलीं नव्हतीं. सर घरीं आले म्हणून धांवपळ झाली, खुर्ची पुसली गेली, चहा ठेविला गेला, आणि त्यांनीं मुलाकडे असें पाहिलें कीं, यानें आतां आणखी काय केलें? आम्ही चहा येण्यापूर्वींच म्हणालों, "आपल्या मुलाला दिसलें तें खरें होतें. चेंडू आमच्या हातालाच लागला. आम्हीं तो लाविला."

ते गृहस्थ आमच्यापेक्षां अधिक ओशाळले. "जाऊं द्या, सर," ते म्हणाले, "खेळच आहे तो. मुलांनीं एवढें मनावर घ्यावयाचें नसतें." आम्हीं सांगितलें कीं मुलानें मनावर घेतलें हेंच बरें झालें, मनावर घ्यावयाचें तें आम्हीं घेतलें नाहीं. त्यावर कोणीच कांहीं बोलेना. मग बऱ्याच वेळानें ते आपल्या नोकरीविषयीं बोलूं लागले. गाडींत एखादा चांगल्या कपड्यांतला, वयस्क मनुष्य तिकिटाशिवाय सांपडला कीं त्याला विचारतांना आपल्यालाच कशी लाज वाटते, आणि कधीं कधीं आपण न विचारतां पुढें कसे जातों, तें त्यांनीं सांगितलें. मुलगा दारांत उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशीं तो सरावाला आला.

ही हकीकत आम्हीं पुढें प्रार्थनेच्या वेळीं सर्व शाळेपुढें सांगितली. आमच्या कांहीं सहकाऱ्यांना तें आवडलें नाहीं. शिक्षकानें आपली चूक आपल्या देवाजवळ व फार तर मुख्याध्यापकांजवळ कबूल करावी, चारशें मुलांपुढें नव्हे, असें एका ज्येष्ठ स्नेह्यांचें मत पडलें, आणि त्या मताला वजन आहे. परंतु घोष चारशें मुलांनीं केला होता.

पत्रांचा विचार झाला त्या सभेंत, ही हकीकत न सांगतां, आम्हीं तीन सूचना केल्या होत्या: पंच शिक्षकवर्गांतील नसावा, नियम सर्वांना सारखे असावेत, आणि मुलांनीं हातचें राखून खेळूं नये हें मुख्याध्यापकांनींच त्यांना सांगावें. पहिली सूचना बरीच वादग्रस्त ठरली. बाहेरचा पंच आणावा असें कांहींचें म्हणणें. आमचें म्हणणें असें कीं मुलांतूनच निवडावा, कारण गुरुजनांविरुद्ध शिट्टी वाजविणें हेंही एक शिक्षण आहे आणि तें बाहेरच्या मनुष्यास देऊन उपयोग नाहीं. अखेर दहावींतील एका विद्यार्थिनीची निवड झाली. आमच्या मुली गेलीं चार वर्षें फुटबॉल खेळत आहेत. ह्या सामन्यांत मात्र त्यांच्याकडे लिंबाच्या फोडी वांटण्याचें काम असे. इंग्लंडांत १९२१ सालीं तेथील असोसिएशननें आपल्या मैदानांवर स्त्रियांच्या फुटबॉलास बंदी केली ती पुढें सुमारें पन्नास वर्षें टिकली. त्या मानानें आमच्या लिंबाच्या फोडी लवकर सुटल्या असेंच म्हणावयाचें. पुढील वर्षीं दोन्ही संघांत मुली व शिक्षिका असाव्यात असा अर्ज त्यांनीं आतांच दिला आहे, आणि आमचें मत अर्जदारांच्या बाजूचें आहे.

यंदाचा सामना पुष्कळांनीं पाहिलाच आहे. मुख्याध्यापकांचा गुडघा दुखत असल्यामुळें गोलमध्यें आम्ही उभे होतों. मध्यंतरापर्यंतच मुलांनीं दोन गोल केले, आणि त्यांतील एकही आम्हांस अडवितां आला असता असें नाहीं. उत्तरार्धांत शिक्षकांनीं एक फेडला. नंतर आमच्या गणिताच्या शिक्षकांनीं गोलसमोर त्याच मुलाच्या पायांत मागून पाय घातला, व तो पालथा पडला. शिट्टी वाजली. त्या मुलीनें बोट पांढऱ्या ठिपक्याकडे केलें, आणि सारें मैदान असें गप्प झालें कीं रस्त्यावरच्या कुल्फीवाल्याची घंटा ऐकूं आली. गणिताचे शिक्षक तिच्याकडे कांहीं विचारावयास निघाले. दोन पावलें गेले, थांबले, आणि मुलाला हात देऊन उठविण्यासाठीं परत फिरले.

चेंडू त्या मुलानेंच ठेविला. आम्हीं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलें. त्यानें आमच्याकडे पाहिलें नाहीं, चेंडूकडे पाहिलें. आम्ही डावीकडे झेंप घेतली आणि चेंडू उजव्या खांबाला चाटून आंत गेला. पाणी यंदाही जास्तच मारलेलें होतें. आम्ही उठून चष्मा पुसूं लागलों तेव्हां मैदान हंसत होतें, आणि कडुलिंबाखालीं खाकी सदरा घातलेले एक गृहस्थ सर्वांपेक्षां मोठ्यानें टाळ्या पिटीत होते.

मुलांनीं सामना चार-एक असा जिंकला. केळ्यांचा घड आणण्याचें काम आमच्याकडे होतें. तो मुलांच्या स्वाधीन केल्यावर पांच मिनिटांच्या आंतच त्यांचा कर्णधार शिक्षकांच्या खोलीच्या दारांत येऊन उभा राहिला, आणि केळीं कच्चीं आहेत अशी त्यानें तक्रार केली. आम्हीं एक सोलून पाहिलें. तक्रार रास्त होती. घड दुसऱ्या दिवशीं बदलून दिला.